'फक्त डॉट कॉम' ही ओळ पत्रकातून काढावी : एक खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सायबर जनजागृती कार्यक्रमांचे संयोजक, बँकांचे शाखाधिकारी आणि व्यापारी संघटनांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

राजारामपुरीत गेली पंधरा वर्षे मी लहान व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना वेबसाइट करून देण्याचा व्यवसाय करतो. गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी झालेल्या एका कार्यक्रमात वाटलेले पत्रक माझ्या हाती आले. गुलाबी कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेल्या त्या पत्रकात अकरा सूचना होत्या. ओटीपी कोणाला सांगू नये, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये ॲप घेऊ नये, फसवणूक झाल्यास लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे, या सूचना योग्यच होत्या आणि त्या छापणाऱ्यांचे मी आभारच मानतो. सातवी सूचना मात्र जाड ठशात अशी होती : 'वेबसाइटच्या शेवटी डॉट कॉम नसेल तर ती वेबसाइट खोटी समजावी.' हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे, कारण तीच ओळ मी गेल्या दोन-तीन वर्षांत निरनिराळ्या व्यासपीठांवरून, निरनिराळ्या वक्त्यांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती ऐकून घरी गेलेल्या माणसांचे पुढे काय होते, हेही पाहिले आहे.

आमच्या गल्लीतील एका निवृत्त शिक्षिकेला त्यांच्या बँकेचा संदेश आला की बँकेच्या वेबसाइटचा पत्ता बदलला असून तो यापुढे 'बँक डॉट इन' असा संपेल. बाईंनी तो संदेश खोडला, नंबर ब्लॉक केला आणि दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन थेट शाखेत जाऊन उभ्या राहिल्या. "डॉट कॉम होतं ते गेलं, म्हणजे कोणी तरी मध्येच शिरलंय," असे त्यांचे म्हणणे होते. काउंटरवरच्या मुलालाही नीट उत्तर देता आले नाही. पत्रकाप्रमाणे पाहिले तर बाईंचे काहीच चुकले नव्हते. प्रत्यक्षात तो पत्ता त्यांच्या बँकेला आजवर मिळालेला सर्वांत भरवशाचा पत्ता होता.

हा बदल कोणा एका बँकेच्या हौसेचा नाही, हे शाखाधिकाऱ्यांना माहीत आहेच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये 'बँक डॉट इन' आणि बिगर-बँक वित्तसंस्थांसाठी 'फिन डॉट इन' या राखीव डोमेनची, म्हणजे पत्त्याच्या ठरावीक शेवटांची, घोषणा केली आणि पुढे एप्रिलच्या परिपत्रकाने सर्व बँकांना, त्यात नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही आल्या, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत नव्या पत्त्यावर जाण्यास सांगितले. 'बँक डॉट इन'ची नोंदणी बँकांचे तंत्रज्ञान पाहणारी हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था करते आणि ती फक्त बँकांनाच देते. डॉट कॉमचे तसे नाही. पैसे भरणाऱ्या कोणालाही तो मिळतो, घेणारा कोण आणि कशासाठी घेतो हे कोणी विचारत नाही. तेव्हा पत्त्याच्या ज्या शेपटावर दरवान उभा आहे ते खोटे समजा आणि ज्या शेपटाचे दार सताड उघडे आहे ते खरे समजा, असे आपण सहकारी बँकांच्या या जिल्ह्यात ज्येष्ठांना शिकवत आहोत.

उदाहरणे लांब शोधायला नकोत. आयकर विवरणपत्र ज्या वेबसाइटवर भरतो तिच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे आणि तो पत्ता सरकारी कार्यालयांखेरीज कोणाला मिळत नाही. रेल्वेचे आरक्षण 'को डॉट इन'वर होते. शिवाजी विद्यापीठाचा पत्ता 'एसी डॉट इन' असा संपतो. स्टेट बँकेने तर मध्यंतरी स्वतःच्या नावाचेच एक्सटेन्शन, म्हणजे पत्त्याचे शेपूट, घेतले होते आणि देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेची ऑनलाइन सेवा 'डॉट एसबीआय' या शेवटाने चालत होती. सातव्या सूचनेप्रमाणे हे सगळे खोटे. उलट परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्टच्या वेबसाइटवर नागरिकांना सावध करण्यासाठी फसव्या पत्त्यांची जी यादी दिलेली असते, तिच्यात डॉट ऑर्ग आहे, डॉट इन आहे आणि डॉट कॉमही आहे.

यापूर्वीही असेच एकदा झाले आहे. 'ब्राउझरमध्ये कुलूप दिसले म्हणजे वेबसाइट सुरक्षित' असे आपण सगळे, मी स्वतःही, कित्येक वर्षे सांगत होतो. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या वेबसाइटमध्ये जे बोलणे चालले आहे ते वाटेत कोणी ऐकू शकत नाही. पलीकडे साव बसला आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट मिळू लागल्यावर भामट्यांनीही कुलपे लावली आणि शेवटी 2023 मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने ते चिन्हच काढून टाकले, कारण लोक त्याचा चुकीचा अर्थ घेत होते. आपल्या त्या पत्रकात सहावी सूचना अजून कुलपाचीच आहे. पण तो विषय आज सोडतो.

मग ओळखायचे कशावरून? पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा, एवढेच शिकवायचे आहे, आणि ते आपल्या माणसांना अवघड नाही. पोस्टाचा शिक्का मारणारा माणूस पाकिटावरचा पत्ता खालूनच वाचायला घेतो : आधी जिल्हा, मग पेठ, मग गल्ली, मग घर. वेबसाइटच्या पत्त्याची रचना तीच आहे. शेवटच्या डॉटनंतरचा शब्द म्हणजे जिल्हा आणि त्याच्या लगेच डावीकडचा शब्द म्हणजे घरमालक. त्याच्याही डावीकडे जे काही आहे ते घरमालकाने स्वतःच्या दारावर लावलेल्या पाट्या असतात. त्या पाट्यांवर तो कोणाचेही नाव रंगवू शकतो. मागच्या दिवाळीत मला आलेल्या एका संदेशातली लिंक या धर्तीची होती : आधी एका बँकेचे नाव, मग डॉट कॉम, मग डॉट, मग 'केवायसी-अपडेट' आणि शेवटी डॉट टॉप. डॉट कॉम शोधायला शिकवलेल्या माणसाला त्यात डॉट कॉम सापडतो आणि तो निर्धास्त होतो. उजवीकडून वाचणाऱ्याला दिसते की जिल्हा 'टॉप' आहे, घरमालक 'केवायसी-अपडेट' आहे आणि बँक ही नुसती पाटी आहे. को डॉट इन, गव्ह डॉट इन, बँक डॉट इन यांत शेवटचे दोन शब्द मिळून एक जिल्हा होतो, एवढा एकच अपवाद लक्षात ठेवायचा. पत्त्यात पुढे तिरकी रेघ आली तर तिच्यानंतरचे सगळे सोडून द्यायचे, ते घराच्या आतले सामान आहे. हे मी आमच्या गल्लीतील त्या बाईंना एका चहात शिकवले आणि त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत त्यांच्या भिशीला शिकवले.

डॉट कॉमला हे अवाजवी वजन कसे आले, हे समजून घेण्यासारखे आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यास ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा मोजकी एक्सटेन्शन होती : व्यापारी कंपन्यांसाठी कॉम, शिक्षणसंस्थांसाठी एज्यु, अमेरिकी सरकारसाठी गव्ह, सैन्यासाठी मिल, संस्थांसाठी ऑर्ग, नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी नेट, आणि जोडीला देशांची दोन अक्षरी नावे. मार्च 1985 मध्ये पहिला डॉट कॉम नोंदला गेला. पुढे कॉमवर 'व्यापाऱ्यांसाठीच' ही अट कोणी पाळली नाही, बाजार त्याच्याभोवती वाढला, आणि आज पंधरा कोटींहून अधिक नावे त्या एका शेपटाखाली आहेत. आपल्या डॉट इनचे नियम 2005 पर्यंत इतके आखडते होते की सामान्य दुकानदार त्याच्या वाटेला जात नसे. त्या वर्षी दार उघडले आणि आता त्याची संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. त्यामुळे ज्या पिढीने 2005 च्या आधी इंटरनेट पाहिले तिच्या दृष्टीने 'वेबसाइट' आणि 'डॉट कॉम' हे समानार्थी शब्द आहेत, जसे आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या फोटोकॉपीला झेरॉक्सच म्हणतात.

नवीन शेपटांचा पूर आला तो 2012 नंतर. इंटरनेटच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्या वर्षी नव्या एक्सटेन्शनसाठी अर्ज मागवले, प्रत्येक अर्जाचे शुल्क 1,85,000 डॉलर होते आणि तरीही 1930 अर्ज आले. (आपल्या सायबर हेल्पलाइनचा क्रमांकही 1930 च आहे. हा निव्वळ योगायोग असला तरी मला तो आकडा विसरता येत नाही.) त्यांतून बाराशेहून अधिक एक्सटेन्शन प्रत्यक्षात आली : शॉप, ऑनलाइन, स्टोअर, एक्सवायझेड, टॉप आणि आणखी कितीतरी. 'शॉप' हा शब्द चालवण्याचा हक्क जानेवारी 2016 मधल्या लिलावात एका जपानी कंपनीने सुमारे 4 कोटी 15 लाख डॉलरला घेतला. गूगलच्या मूळ कंपनीने 2015 मध्ये स्वतःचा पत्ता डॉट एक्सवायझेडवर घेतला. ही शेपटे अधिकृत आहेत आणि डॉट कॉम ज्या मूळ यादीत आहे त्याच यादीत तीही आहेत.

आता दुसरी बाजू, जी लपवून मला हे पत्र पुरे करता येणार नाही. लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. नवी नावे खपावीत म्हणून पहिल्या वर्षी ती शंभर-दोनशे रुपयांत, कधी त्याहूनही स्वस्त विकली गेली, आणि रोज पन्नास पत्ते घेऊन संध्याकाळी टाकून देणाऱ्या भामट्याला स्वस्ताईच हवी असते. इंटरआईल या सल्लागार संस्थेच्या 2024 च्या अहवालात नव्या एक्सटेन्शनचा एकूण बाजारातला वाटा सुमारे 11 टक्के आणि सायबर गुन्ह्यांत वापरलेल्या डोमेनमधला वाटा सुमारे 37 टक्के दिला आहे. त्याच अहवालात कॉम आणि नेट मिळून चाळीस टक्क्यांच्या वर आहेत, हेही वाचावे. प्रशांत महासागरातील टोकेलाऊ या चिमुकल्या बेटांचे डॉट टीके एका कंपनीने वर्षानुवर्षे फुकट वाटले, फसव्या पत्त्यांचे ते आगर झाले, 2023 मध्ये फेसबुकची मूळ कंपनी मेटाने त्या कंपनीवर दावा लावला आणि पुढे कंपनीने हा धंदाच सोडला. म्हणजे काही गल्ल्या बदनाम आहेत आणि रात्री तिकडून जाताना जपून जावे, हे खरे. पण बदनाम गल्लीत राहणारा प्रत्येक जण चोर आणि चांगल्या पेठेतला प्रत्येक जण साव, असे आपण पोलीस ठाण्यात तरी म्हणत नाही.

ही बदनामी कोणाला भोवते, ते व्यापारी संघटनांनी लक्षात घ्यावे. सुभाषनगरातील एका चप्पल कारागिराची वेबसाइट मी तीन वर्षांपूर्वी केली. त्यांच्या दुकानाच्या नावाचा डॉट कॉम कोणी तरी कधीच घेऊन ठेवला होता आणि तो सोडायला दीड लाख मागत होता. आम्ही डॉट शॉप घेतला. पिशव्या छापल्या, पाटी रंगवायला दिली. पाटी भिंतीवर चढल्यावर पाहतो तो रंगाऱ्याने 'डॉट शॉप'च्या पुढे आपल्या मनाने 'डॉट कॉम' घातलेले. विचारले तर म्हणाला, "डॉट कॉम ऱ्हायलं हुतं, घातलं मी. पैसं काय वाढीव घेत न्हाई." आम्ही हसलो खरे, पण पुढच्या सहा महिन्यांत पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे जे फोन आले त्यांत हसण्यासारखे काही नव्हते. पत्ता अर्धवट छापलाय का, ही वेबसाइट खरी आहे का, पैसे भरले तर चप्पल येईल ना, हेच प्रश्न. हे प्रश्न अशा माणसाला, ज्याच्या घरात तीन पिढ्या कातडे कमावून पट्टे विणले जातात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2025 च्या उन्हाळ्यात मिलानच्या फॅशन मंचावर आपल्यासारखी चप्पल दिसल्यावर सारा जिल्हा पेटून उठला. आणि इकडे अस्सल चप्पल विकणारा कारागीर मात्र एका शेपटामुळे खोटा ठरत होता.

त्याच कारागिराला एका घाऊक खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करायची होती. अर्जात ईमेल भरला की लाल अक्षरांत 'चुकीचा ईमेल' असे येई. ईमेल बरोबर होता. अर्ज लिहिणाऱ्याने कधी काळी ठरवून टाकले होते की शेवटच्या डॉटनंतर दोन किंवा तीनच अक्षरे असतात, आणि 'शॉप' रोमन लिपीत चार अक्षरांचा होतो. असे अर्ज आजही जागोजाग आहेत. आपल्या सभासदांपैकी ज्यांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत त्यांनी ती एकदा तपासून घ्यावीत, ही जाता जाता विनंती.

व्यापाऱ्यांना माझा सल्ला विचाराल तर मी आजही आधी डॉट इन पाहायला सांगतो. तो परवडतो, आपल्या लोकांच्या ओळखीचा आहे, आणि कोणी आपल्या नावावर डल्ला मारला तर तक्रारीची स्वतंत्र व्यवस्था देशातच आहे. डॉट शॉप किंवा तत्सम काही घ्यायचे तर पहिल्या वर्षाच्या किमतीला भुलू नये, दुसऱ्या वर्षाची किंमत आधी विचारावी, कारण पहिल्या वर्षी दोनशे रुपयांत मिळालेल्या नावाला दुसऱ्या वर्षी दोन-तीन हजारांचे बिल आलेले मी पाहिले आहे. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावा, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नाही. हे मी माझ्याच व्यवसायाविरुद्ध सांगतो आहे. डॉट कॉम नसेल तर गूगलमध्ये वर येत नाही, ही भीतीही मनातून काढावी. नव्या एक्सटेन्शनला वेगळी वागणूक देत नसल्याचे गूगलने 2015 मध्येच जाहीर केले आहे.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्या कार्यक्रमांत चकार शब्द निघत नाही. ऑगस्ट 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळतो आणि तो मराठीसाठीही आहे. रोमन लिपीत आपल्या मालाची नावे लिहिताना किती ओढाताण होते, हे शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्यांना विचारा. रोमनमध्ये 'ळ' नाही. 'गूळ' लिहिला की परगावचा माणूस तो 'गुल' वाचतो, आणि 'कोल्हापुरी चप्पल' रोमनमध्ये आठ-दहा तऱ्हांनी लिहिता येते, ज्यांतली प्रत्येक तऱ्हा कोणी तरी वेगळाच नोंदवून बसू शकतो. देवनागरीत ही अडचण बरीच कमी होते (ऱ्हस्व-दीर्घाची आपली जुनी भांडणे सोडली तर). पण असा पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की कधी कधी तो आपल्या खऱ्या रूपात न दिसता रोमन 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि पुढे अर्थहीन अक्षरे अशा यंत्राच्या रूपात दिसतो, आणि लोक त्याला व्हायरस समजून पुसून टाकतात. मी स्वतः दोन ग्राहकांना डॉट भारत घेऊन दिला. एकाने वर्षभरात सोडला, कारण त्याच्या मेव्हण्याने सांगितले की असले काही नसतेच. मराठीतल्या मराठी पत्त्याला मराठी माणसानेच बोगस ठरवावे, याचे मला अजून वाईट वाटते.

माझी विनंती थोडकी आहे. पत्रकाची पुढची आवृत्ती छापताना सातवी सूचना काढून तिच्या जागी असे काही छापावे : 'पत्ता उजवीकडून वाचा. शेवटच्या डॉटच्या लगेच डावीकडे कोणाचे नाव आहे ते पाहा. बँकेचा पत्ता बँक डॉट इन असा आणि सरकारी पत्ता गव्ह डॉट इन असा संपतो का ते पाहा. खात्री नसेल तर संदेशातली लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा.' शाखाधिकाऱ्यांनी नवा पत्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, पैसे भरण्याच्या खिडकीपाशी लावावा, आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना दहा मिनिटे बसवून तो का बदलला हे सांगावे. शिवाय ग्राहकांना 'अनोळखी लिंक उघडू नका' असे बजावणाऱ्या बँकेने स्वतःच आखूड केलेल्या लिंक संदेशात पाठवणे थांबवावे, कारण त्या लिंकमध्ये जिल्हाही दिसत नाही आणि घरमालकही दिसत नाही. व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांच्या वेबसाइटची यादी, शेपूट कोणतेही असो, स्वतःच्या वेबसाइटवर लावावी. परगावच्या गिऱ्हाइकाला 'हे दुकान खरे आहे' असे सांगणारे कोणी तरी हवे असते आणि ते काम संघटनेइतके चांगले कोणी करू शकत नाही.

पत्रकाचा मसुदा तपासून द्यायला मी केव्हाही तयार आहे. त्याचे पैसे घेणार नाही. चप्पल कारागिराची ती पाटी अजून तशीच आहे. पुन्हा रंगवायला बाराशे रुपये सांगितले आहेत आणि आपले नवे पत्रक निघेपर्यंत थांबू या, असे आमचे ठरले आहे.

कळावे,
आपला नम्र,
राजारामपुरीतील एक वेबसाइट करणारा